लुगड्याचा लाल टाका

सकाळच्या उन्हात आमची देखभाल करणारी मंगल माझ्या नव्या लुगड्याला लाल दोऱ्याचा टाका घालत बसली होती. वृद्धाश्रमात सगळ्यांचं धुणं एकत्र पडतं, म्हणून ज्याच्या त्याच्या दोऱ्याचा रंग ठरलेला. माझ्या जुन्या लुगड्यावर हिरवा टाका हाय, तो पहिल्या आश्रमातला. पिवळा दुसऱ्यातला. दोन्ही बंद पडले. टेंपोत बसवून आम्हाला कुठं कुठं सोडलं. आता हाबी बंद होणार म्हणतात.

"राहू दे गं," मी म्हणले. "उगा उसवावा लागंल."

"आजी, टीव्हीवर ऐकलं न्हाई का? आश्रम बंद पडू नयेत म्हणून सरकारनं कायदा केलाय."

"कायदा मुंबईत झाला. हितं मला उठवून बसवायला तू लागतेस. तू ऱ्हाशील का?"

"तुमची बोलणी खायला दुसरं कोण मिळणार?"

लग्नात घर बदललं, तवा रडायला तरी ताकद होती. आता तीबी न्हाई.

मंगलनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. मी बोट फिरवून बघितलं. गाठ घट्ट होती.

मग जुनं लुगडं तिच्या पुढं सरकवलं. म्हणले, "ह्यावरचे हिरवे-पिवळे उसवून टाक. ह्यालाबी लालच घाल."