अठरा जणांची कट्टी

शिक्षक एकत्र जमले आणि चहा आला की किस्से निघणारच. मीटिंगला कशेडीपासून उमरठपर्यंतचे मास्तर आपापली गाठोडी सोडून बसतात. माझ्या गाठोड्यात गेल्या पावसाळ्यापासून एकाच कट्टीचे किस्से साठलेत. हसत सांगायला घेते आणि मध्येच माझाच चहा गार होतो.

आमची शाळा कापडे गावाच्या वरच्या अंगाला. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे शाळा, पलीकडे वाडी. पहिली ते चौथी मिळून पोरं एकोणीस, शिक्षक दोन : मी आणि महाडहून बाइकवर येणारे मुख्याध्यापक, म्हणजे आमचे गुरुजी. शाळा खरी चालवायची ती तन्वी. चौथीतली, मॉनिटर, हुशार आणि माझी लाडकी. हो, लाडकी! कबूल करते.

जूनमध्ये मुंबईहून आरोही आली, दुसरीत. आईबाप दोघं कामाला, घरी बघायला कुणी नाही, म्हणून आजोबांकडे ठेवलेली. पहिल्याच आठवड्यात तन्वी सोळाच्या पाढ्यात अडकली आणि आरोहीने तो धडाधड म्हणून टाकला. मी टाळ्या वाजवल्या. वर म्हणाले, "बघ तन्वी, दुसरीतली पोर!"

झालं! तिथून तन्वीची कट्टी सुरू.

* * *

खिचडीच्या पंगतीत अठरा ताटं एकमेकांना चिकटून आणि एकोणिसावं हातभर लांब. ते आरोहीचं.

"काय केलंत रे तिला?"

"आमी काय केला नाय, बाई!" सगळी एका सुरात.

खरंच होतं ते. मारलं नव्हतं, चिडवलं नव्हतं, दप्तर लपवलं नव्हतं. दिवसभर कुणी काहीच करत नव्हतं. काहीच न करण्याबद्दल पोरांना काय शिक्षा करायची, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही.

* * *

गुरुजींनी बिस्किटांच्या डब्याला फट पाडून तक्रारपेटी केली आणि शनिवारी मोठ्या थाटात उघडली. पहिली चिठ्ठी : "बाई अभ्यास खूप देतात." दुसरी : "गुरुजी वर्गात मोबाईल बघतात."

गुरुजी म्हणाले, "पोरांना अजून पेटीचा उपयोग कळलेला नाही!"

तिसरी चिठ्ठी चार वेळा घडी घातलेली. "आरोहीशी बोललो तर माझीपन कट्टी." खाली नाव नव्हतं.

गुरुजींनी मोबाईल खिशात टाकला.

* * *

सोमवारी परिपाठाला मी हुकूमच सोडला. "सगळ्यांनी आरोहीशी बट्टी घ्यायची. आत्ता, माझ्यासमोर!"

रांग लागली. अठरा जणांनी तिच्या दोन बोटांना आपली दोन बोटं लावली. गुरुजींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. लाइक्स आले!

मधल्या सुट्टीत ताट पुन्हा हातभर लांब.

"तन्वी, बट्टी झाली ना गं?"

"झाली ना, बाई. बोलायचा पन, असा कुठं सांगितलात?"

* * *

पकडापकडीचा खेळ लावला. ज्याच्यावर राज्य तो आरोहीच्या अगदी जवळून धावायचा, पण तिला हात लावायचा नाही. बाकी सगळे आउट झाले. आरोही एकटी मैदानाच्या मधोमध उभी, नॉट आउट!

"जिंकलीस की गं!" मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली.

त्या संध्याकाळी तिचे आजोबा आले. "बाई, पोर आता घरात पन बोलत नाय. दाखला काढून द्या. तिकडं मुंबईला खोलीत दिवसभर एकटी ऱ्हायल, पन..." मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

* * *

पावसाळ्यात पोरं पऱ्या ओलांडतात ती हात धरून, साखळी करून. मोठी दोन्ही टोकांना, लहान मध्ये. एका सकाळी पाऊस कोसळत होता आणि शाळेत अठराच पोरं पोचली.

"आरोही कुठाय?"

सगळी गप्प.

"अरे, घरून निघाली होती का?"

गप्प. कट्टीत नावसुद्धा घ्यायचं नसतं! शेवटी पहिलीतल्या यशने तोंड न उघडता पऱ्याकडे बोट दाखवलं.

मी धावत सुटले. छत्री कुठे गेली माहीत नाही. पलीकडच्या काठावर आरोही उभी होती. एका पायात चप्पल, दुसरी वाहून गेलेली. एकटीने उतरायला गेली होती आणि मागे फिरली होती.

"माझा हात कुणी पकडलाच नाही, बाई."

तिला कडेवर घेऊन आणली तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याच्या वर होतं. तशीच निथळत वर्गात शिरले आणि तन्वीसमोर करंगळी धरून ओरडले, "आजपासून माझी तन्वीशी कट्टी!"

वाटलं, धडा मिळेल. तो मिळाला, पण सतरा जणांना! दुपारी सगळी आरोहीला ओढत होती, "हिकडं बस गो!" आणि आता तन्वीचं ताट हातभर लांब. तिने खिचडीला हातही लावला नाही. हे मी केलं होतं, मला दिसत होतं, आणि तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येईना.

* * *

शाळा सुटली तेव्हा पाऊस थांबला होता, पऱ्या उतरला नव्हता. पोरांना पोचवायला मी काठापर्यंत गेले. साखळी झाली. आरोहीला अगदी मध्ये घेतलेलं. तन्वी मागे, एकटी, दप्तराचा पट्टा चावत उभी.

मी तिला हाक मारणार, एवढ्यात आरोहीने साखळीतून दोन्ही हात सोडवले. मागे आली. डाव्या हाताने तन्वीचा हात धरला, तिला ओढत माझ्यासमोर आणून उभी राहिली आणि उजव्या हाताची करंगळी माझ्यापुढे केली.

"काय गं?"

"कट्टी."

"कुणाशी?"

"तुमच्याशी, बाई!"