जळलेल्या धाग्याचा वास

कपड्याचा एक धागा उपसायचा, काडी ओढायची, जळत्या टोकाशी नाक न्यायचं आणि निकाल द्यायचा, "पिशवी."

पिशवी म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. तुम्ही अंगात जे घातलंय त्यात सूत नाही, रेशीम नाही, लोकर नाही. दुकानदारानं तुम्हाला सरळ सरळ फसवलंय. एवढं सगळं आमच्या गल्लीतला तो माणूस एका शब्दात सांगायचा, आणि तेही चार घरं पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात.

आधीच सांगून टाकतो, मला तो माणूस आवडत नव्हता. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल आणि तुम्हालाही तो आवडत नसेल.

सगळे त्यांना मामा म्हणायचे. कुणाचे मामा, हे कुणालाच माहीत नव्हतं. पालममध्ये आमच्या समोरच त्यांचं घर. उभी हयात जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलेली. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, तंतू ताणून बघायचा आणि समोरच्याच्या तोंडावर "ओला हाय" म्हणायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, मामी वारल्या, मुलगा पुण्याला गेला. तोंडावर म्हणायची सवय तेवढी घरात राहिली. माणसं ते नोकरीत असल्यापासूनच तपासायचे; कापूस येईना झाला, तसं तेच पूर्णवेळचं काम झालं.

माझी पहिली तपासणी माझ्याच वरातीत झाली. वाइन रंगाची सफारी शिवली होती. घोड्यावर बसायच्या आधी आरशात चारदा बघून मी स्वतःवरच खूश झालो होतो. मामा गर्दीतून पुढं आले. मला वाटलं, आशीर्वाद देतील. त्यांनी बाहीच्या कडेचा धागा उपसला, बंडीच्या खिशातून काड्यापेटी काढली, आणि बँडवाल्यांनी श्वास घ्यायला वाजवणं थांबवलं नेमकं त्याच वेळी म्हणाले, "पिशवी घालून घोड्यावर बसायलेत साहेब."

पाहुणे हसले. बायकोच्या मामांना तर ठसका लागला. घोडं हसलं नाही, एवढाच आधार.

आता थोडं माझ्याबद्दल. मी शाळेत क्लार्क. पोट पुढं, केस मागं. कपड्यांचा शौक मात्र राजाचा. मोबाइलवरच्या दुकानात मी आवडलेल्या वस्तूंची यादी करून ठेवलीय: लिननचा फिका निळा शर्ट, बिनलेसचे तपकिरी बूट, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीन्स. बायकोनं यादी बघितली तेव्हा जीन्सवर बोट ठेवून म्हणाली, "हिच्यासाठी पैसे कशाला? तुमची जुनी पँट द्या, तिच्यावर उंदीर सोडते." तरी यादी वाढतच जाते. रात्री जेवल्यावर मी त्यात भर घालतो आणि सकाळी तीच चौकड्याची पँट घालून शाळेत जातो.

एकदा मात्र हिय्या केला. आमच्या शाळेतले नवे शिक्षक मोठ्या कंपनीचे पांढरेशुभ्र बूट घालून यायचे. तसेच मी परभणीहून आणले. सकाळी घालून निघालो. मामा ओट्यावर बसलेलेच होते.

"साहेब, थांबा जरा."

थांबणं भाग होतं. मी एक बूट काढून दिला. एका पायावर उभा, दुसऱ्या पायाचा मोजा गल्लीतल्या धुळीच्या वर धरलेला. त्यांनी बूट टाचेपासून टोकापर्यंत वाकवला, आत नाक घातलं, तळव्यावर नखानं ओरखडा काढला.

"बरा हाय. पण घालून कुठं पळणार? एसटी पकडताना आमी बगतोच की तुमाला."

त्यांच्या स्वतःच्या पायात बाजारातल्या कारागिरानं शिवलेली जाड चामड्याची चप्पल. तळवे किती वेळा बदलले ते तो कारागीरही विसरला असेल. पण ती अशी टाकत टाकत चालायचे की बाकीच्यांना आपण अनवाणी आहोत असं वाटावं.

बूट मी आठ दिवस घातले. नंतर ते डब्यात गेले आणि डबा कपाटावर.

तर अशा माणसाला मी माझ्या मुलीच्या बस्त्याला का नेलं, असं तुम्ही विचाराल. तो दोष माझ्या बायकोचा.

बस्ता म्हणजे आमच्याकडं लग्नाआधीची खरी लढाई. दोन्हीकडची माणसं एकाच कापडदुकानात, एकाच गादीवर समोरासमोर बसतात. नवऱ्या मुलाचा पोशाख, अगदी बुटापर्यंत, मुलीकडच्यांनी घ्यायचा. नवरीचा शालू मुलाकडच्यांनी. कुठल्या मावशीला कसली साडी, हे ठरताना सोयरिकी मोडल्याची उदाहरणं आहेत. गल्लीतला प्रत्येक बस्ता मामांना घेऊन जायचा. प्रेमानं नव्हे, दुकानदार त्यांना टरकायचे म्हणून. बस्त्याच्या दिवशी मामा पहाटेच धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर तयार. जीपमध्ये पुढची जागा त्यांची, दुकानातला पहिला चहा त्यांचा.

"त्यांना न्यायचं नाही," मी म्हणालो.

"मग साड्या तुमी तपासणार का?" बायको म्हणाली. "तुमाला तर स्वतःची सफारी कळली न्हाई."

मामा जीपमध्ये पुढं बसले.

जावई पूर्णेचे, रेल्वेत नोकरीला. पोरगं चांगलं. त्यानं टोकदार, चकचकीत बूट पसंत केले. मामांनी बूट हातात घेतला, फिरवून पाहिला.

"रेल्वेत हाव का नाटकात?"

पोरगं मोकळं हसलं आणि साधे बूट मागवले. मला त्याचाच राग आला. मी इतक्या वर्षांत असं हसू शकलो नव्हतो.

मग शालू निघाला. आबोली रंग, हिरवे काठ. विहीणबाई त्यासाठी आधी दोनदा येऊन गेल्या होत्या. मुक्ताच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, खांद्यावर पदर टाकत त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "माझं लगीन मागून आणलेल्या साडीत झालं हो. सुनेला तरी अस्सल नेसवायचं, असं तवाच ठरविलं व्हतं." मुक्ताचे डोळे भरले.

"आणा इकडं," मामा म्हणाले.

दुकानदारानं नाइलाजानं पदराच्या आतल्या कडेचा धागा काढून दिला. काडी ओढली. धागा आकसत जळला. मामांनी वास घेतला, टोकाची काळी गोळी बोटात दाबली, आणि विहीणबाईंकडं बघून म्हणाले, "पिशवी."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे मी सुनेला खोटं नेसवायलेय?"

"मी कापडाचं सांगायलोय. मानसाचं न्हाई."

"एकच झालं की!" त्यांचे भाऊ उठून उभे राहिले. "बोलावून आपमान करायलेत का? उठ गं ताई. ही सोयरीक राहू दे."

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. आणि त्याच वेळी तो वास माझ्या नाकात शिरला. केस जळाल्याचा वास. रेशीम जळलं की केसांसारखा वास येतो, हे आख्ख्या गल्लीला मामांनीच शिकवलेलं. गादीवरच्या सगळ्यांना तो येत होता. बायकोनं तर नाकाला पदर लावला होता. फक्त मामा शांत बसलेले. मला लख्ख कळलं.

"मामा, हे रेशीम हाय. केस जळाल्यावानी वास यायलाय."

"तुमाला काय कळतं त्यातलं?"

"सगळ्यांना यायलाय. तुमालाच येईना. तुमचं नाक गेलंय, मामा."

एवढ्यावर थांबलो असतो तर काम झालं होतं. विहीणबाईंनी स्वतः धागा मागून घेतला होता, दुकानदारानं काडी पुढं केली होती. पण वाइन रंगाची सफारी माझ्या अंगात अजून होती. मी म्हणालो, "कधी गेलं तेवढं सांगा. म्हंजे त्याच्यानंतर तुमी ज्यांना ज्यांना चारचौघांत उघडं पाडलं, त्यांच्या घरी माफी मागायला जाता येईल."

कुणी हसलं नाही. मामा उठले. चपलांच्या ढिगात त्यांची चप्पल शोधायला त्यांना वेळ लागला. कुणीच मदत केली नाही, मीही नाही. ते गेले. परत येताना जीपमध्ये पुढची जागा रिकामी होती. ते एसटीनं परत आले.

शालू घेतला. सोयरीक टिकली. मी स्वतःला ब्लेझर घेतला, दुकानदार म्हणाला, "साहेब, हिरो दिसायलेत." घरी आल्यावर बायको म्हणाली, "खरं बोललात. पण शेवटचं कशाला बोललात?" आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

गोष्ट गल्लीभर झाली. त्या हंगामात चार बस्ते झाले. मामांना कुणी बोलावलं नाही. मुक्ताच्या लग्नाला ते आले नाहीत. पत्रिका मी स्वतः दिली होती. घेतली, उघडली नाही. मी ब्लेझर घालून मांडवात फिरलो, फोटो काढले. जिंकलो होतो मी. तुम्हाला म्हणून सांगतो, ब्लेझर काखेत काचत होता.

लग्नानंतर महिनाभरानं सकाळी शाळेला निघालो तर समोरून धूर. मामांच्या घरात दूध उतू जाऊन, आटून, भांडं काळं होऊन पेटायच्या बेतात. मामा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. मी आत घुसून गॅस बंद केला, भांडं उचललं, बोट भाजून घेतलं.

"वास आला का तुमाला?" त्यांनी विचारलं.

"आख्ख्या गल्लीला आला."

त्यांनी पेपराची घडी घातली.

"त्या साथीत ताप आल्ता न्हाई का. तवापासून येत न्हाई."

"मग इतके दिवस कापड कसं सांगायचात?"

"राखेवरून. सुताची भुरभुर राख व्हती. रेशमाची गोळी व्हती, पिशवीचीबी गोळी. दाबली की रेशमाची फुटती, पिशवीची न्हाई." त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. "आता बोटंबी बधिर झालीत. त्या दिवशी लय दाबली. फुटली का न्हाई, समजलंच न्हाई."

"मग सांगायचं की, कळंना म्हणून."

"कळंना म्हणलो असतो, तर पुढच्या बस्त्याला कुणी नेलं असतं का मला?"

मी काळं भांडं मोरीत नेऊन ठेवलं. परत आलो तर म्हणाले, "ह्यो शर्ट घालू नका. पोटावर गुंड्या वरडायल्यात."

मी त्यांना मनातल्या मनात एक शिवी दिली आणि बाहेर पडलो. पण दुसऱ्या दिवशी जाताना दारात थांबलो. आत नाक घातलं. ते आतून म्हणाले, "काय?"

"काही नाही."

"नीट घ्या. घाईत सांगू नका."

तेव्हापासून रोजचं झालं. सकाळी जाताना एकदा, शाळेतून येताना एकदा. गॅस सुटलाय का, वरण लागलंय का, दूध नासलंय का. मी सांगायचो, ते ऐकायचे, आणि मोबदला म्हणून माझ्या अंगावरच्या एखाद्या वस्तूचा उद्धार करायचे. आभार कधी मानले नाहीत. माफी मी मागितली नाही. सुट्टीच्या दिवशी मी उशिरा गेलो तर म्हणायचे, "आज सायेबाचं नाक झोपलं व्हतं जनू."

एकदा मुक्ता माहेरी आली. माझ्याआधी तीच तो शालू घेऊन समोर गेली आणि त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी काड्यापेटीला हात लावला नाही. तळवा काठावरून नुसता फिरवला. "तुझ्या सासूला सांग," म्हणाले, "तिला कळतं म्हणावं." मुक्तानं तिथूनच पूर्णेला फोन लावला आणि त्यांच्या कानाला धरला. पलीकडून विहीणबाई काय बोलल्या ते मला कळलं नाही. मामा फक्त "व्हय, व्हय" करत होते आणि मला हातानं बाहेर जायची खूण करत होते.

मागच्या उन्हाळ्यात मुलगा आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिकडं गॅस सुटला तर घंटा वाजते म्हणे. मी शाळेतून आलो तेव्हा गाडी गेलेली होती. बायकोकडं निरोप होता: "साहेबाला म्हणावं, तुमची ड्युटी संपली." पावसाळ्यात मुलाचा फोन आला. तो काय सांगणार, हे त्याच्या पहिल्या "काका" वरूनच कळलं.

शाळेला जाताना पाय अजून त्या दारात थांबतात. मोठं कुलूप आहे. फटीतून बंद घराचा वास येतो, ओल धरलेल्या भिंतीचा, जुन्या कापसाचा. मी घाई न करता, नीट घेतो. आतून कुणी विचारत नाही. मग रस्त्याला लागतो.