नानांच्या सीड्या आणि सरोजम्मांची कबुतरं

आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात माणसं चार आणि सिनेमाच्या सीड्या दोन हजार आहेत. त्यांतल्या सीड्यांना शिस्त लावायचं मी मनावर घेतलं.

सीड्या माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या. घरही त्यांचंच. मी देगलूरकडचा, घराण्यात पदवी घेणारा पहिलाच. नानांनी मला मुलगी दिली आणि नोकरी लागेपर्यंत घरात ठेवूनही घेतलं. एवढ्या उपकारांची फेड कशानं करावी? मी ठरवलं, सॉफ्टवेअरनं!

"नाना, सगळ्या सीड्यांची नोंद कॉम्प्युटरवर करू या."

"कायको परेशान होता, जावईबापू? मला अंधारातसुद्धा हवी ती सापडते."

पण मी चिकाटीचा माणूस. नाना आणि सासूबाई परभणीला मामींना आणायला गेले, आणि मी सॉफ्टवेअर शोधायला बसलो. पहिल्याला फक्त परदेशी सिनेमे ठाऊक होते. दुसऱ्यानं नानांचा लाडका तेलुगू पौराणिक सिनेमा 'बागकाम' या सदरात टाकला. (त्यात राक्षस झाड उपटतो, म्हणून असेल.) तिसरं मात्र सोन्यासारखं निघालं! डबीवरच्या बारकोडच्या पट्ट्या फोनसमोर धरायच्या, की नाव, साल, नटनट्या, सगळं हजर.

दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरं आली : या सिनेमाच्या बारा प्रती आहेत. जादा प्रती काढून टाका.

सिनेमा कुठला? एक दरोडेखोरपट, पहिल्याच आठवड्यात साफ पडलेला! तो नानांनी बारा वेळा विकत घेतला? मी डबी उघडली. आत कोरी सीडी. ना चित्र, ना अक्षर. दुसरी उघडली, तीही कोरी. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नकली माल! उभा जन्म सरकारी नोकरीत घालवलेला माणूस, आणि कपाटात चोरून छापलेल्या सीड्या! एवढ्या जुन्या घराण्याची अब्रू आता माझ्या हातात होती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सरोजम्मांनी बाल्कनीतून हाक दिली, "बाबू, पुराने सीडियां हैं तो देव ना! कबुतरां बहोत सता रहें."

देवच पावला! मी बाराच्या बारा सीड्या वर पोचवल्या आणि रिकाम्या डब्या भंगारात दिल्या. त्या संध्याकाळी नानांची अब्रू वाचवल्याच्या समाधानात मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. मामी म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या भावाची बायको. मामा गेल्या वर्षी वारले. मामी चहालाही न थांबता टीव्हीसमोर बसल्या.

"ह्यांचा आवाज एकदा ऐकू दे रे बाबा. त्यासाठीच आले."

"आत्ता लावतो, वहिनी. माझ्या साठीशांतीत काय गायले होते बंडोपंत! एवढीच एक सीडी आहे त्यांच्या गाण्याची," असं म्हणत नानांनी न बघता कपाटात हात घातला. मग दुसरा हात घातला. मग डोकं घातलं.

"जावईबापू, इथले दरोडेखोर कुठं गेले?"

"नाना, ते... नकली होते."

"नकली? अहो, घरातली सगळी कार्यं आहेत त्यांत! सीडी उघड्यावर ठेवली की नातेवाईक मागून नेतात, परत देत नाहीत. म्हणून पडेल सिनेमाच्या डबीत ठेवायची. तो कोण मागतो?"

मी नुसतं छताकडे बोट दाखवलं. सगळे अंगणात धावले. वर सरोजम्मांच्या बाल्कनीत नानांचा अवघा संसार दोरीवर चकाकत गरगरत होता!

"दिए सो दिए," सरोजम्मा ठाम होत्या. "दो साल के बाद आज कबुतरां नै आए."

शेवटी मामींनी वर चढून मामांचं नाव काढलं, तेव्हा सरोजम्मांनी दोरी सोडली; "एक तो भी वापस देना," एवढंच म्हणाल्या. मी एकेक सीडी पुसून लावू लागलो. बायकोचं, वैशालीचं, बारसं निघालं. कुणाची तरी मुंज निघाली. मामी पदर तोंडाशी धरून बसलेल्या. आणि नवव्या सीडीवर पेटी वाजली, मामांनी खाकरून सूर लावला! एकही ओरखडा नाही. मामी ऐकता ऐकता रडल्या, सासूबाई रडल्या, आणि सुटलो म्हणून मीही मनसोक्त रडलो.

आता सरोजम्मांना एक द्यायची होती. मी म्हणालो, "नाना, एखादा पडेल सिनेमा देऊ या."

"माझ्या संग्रहातला? नक्को!" नानांनी उरलेल्या सीड्या लावून पाहिल्या. शेवटच्या सीडीत आमचं लग्न होतं : फेटा डोळ्यांवर आलेला, मी हार घेऊन चाचपडतोय. नानांनी ती शांतपणे बाहेर काढली. "ही द्या. कबुतरांना ही पुरे."

मी आशेनं वैशालीकडे पाहिलं.

ती म्हणाली, "दोरी घट्ट बांधायला सांगा."

सरोजम्मा परवाच सांगत होत्या, अकरा सीड्या कमी झाल्या तरी काही बिघडलं नाही; माझा एकट्याचा चेहरा सगळी बाल्कनी सांभाळतोय.