डावीकडचा ठिपका

सावंत काकांनी डावीकडच्या ठिपक्याला पुन्हा बटण दाबलं नाही. मी त्यांच्या मागे बसून लॅपटॉपकडे बघत होते. ठिपका आला, थोडा थांबला, गेला. मग उजवीकडे आला आणि त्यांनी लगेच दाबलं.

"झकास चाललंय ना?" त्यांनी विचारलं.

"बोलू नका काका, मधल्या फुलीकडेच बघा."

कल्याण पश्चिमेला ज्येष्ठ नागरिक संघाची एक खोली आहे. माझ्या पीएचडीचा डेटा मी तिथे गोळा करत होते. विषय कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स, म्हणजे बघणं, लक्ष देणं, आठवणं ही कामं मेंदू कशी करतो त्याचा अभ्यास. वय वाढतं तसं आपलं लक्ष कसं बदलतं, एवढाच त्यातला माझा तुकडा. आधी ही ठिपक्यांची टेस्ट घ्यायची. नंतर त्याच लोकांना डिपार्टमेंटला बोलावून ईईजी करायचा. ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून मेंदूतले विजेचे बारीक सिग्नल नोंदायचे. अटी दोनच. तब्येत ठणठणीत हवी आणि त्या दिवशी डोक्याला तेल नको. लोकांना दुसरी अट जास्त जड जायची.

सावंत काका (नाव बदललंय) संघाचे सेक्रेटरी. मोहन्याला कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागातून रिटायर झालेले. प्रेशर गेज, मीटर बरोबर दाखवतात का ते तपासणं, म्हणजे कॅलिब्रेट करणं, हे त्यांचं काम. खोली त्यांनीच मिळवून दिली होती. माणसंही तेच धरून आणायचे. "ही मृणाल, वर्तकनगरहून येते बिचारी. बसा जरा तिच्यासमोर," असं सांगून. माझा प्री-सबमिशन सेमिनार, म्हणजे थिसिस देण्याआधीची तपासणी, तोंडावर आलेला. डेटा अजून अपुरा होता. थोडक्यात, काका होते म्हणून माझं काम चाललेलं.

टेस्ट संपल्यावर मी रिझल्ट उघडला. उजवीकडचे ठिपके जवळजवळ सगळे पकडलेले. डावीकडचे जवळजवळ सगळे सुटलेले. वय झालं की माणूस थोडा हळू होतो, पण दोन्ही बाजूंना सारखाच होतो.

आधी लॅपटॉपवर संशय घेतला. स्वतः बसून टेस्ट दिली. सगळे ठिपके नीट दिसले.

"काका, डाव्या डोळ्याला काही त्रास आहे का?"

"मोतीबिंदू सांगितलाय. करायचंय ऑपरेशन."

मला हायसं वाटलं. खात्री करायची म्हणून डावा डोळा हाताने झाकून थोडी टेस्ट पुन्हा द्यायला सांगितली. दोष डाव्या डोळ्याचा असेल तर एकट्या उजव्या डोळ्याला सगळं दिसायला हवं. तसं झालं नाही. उजव्या डोळ्यानेही डावीकडचे ठिपके सुटले.

हे सोपं करून सांगते. डावा डोळा डाव्या बाजूचं बघतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. दोन्ही डोळे दोन्ही बाजूंचं बघतात. मग डाव्या बाजूचं सगळं दृश्य मेंदूच्या उजव्या अर्ध्यात जातं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांची डावी बाजूच गायब असेल तर गडबड डोळ्यात नसण्याची शक्यता जास्त. ती मागे, मेंदूत कुठेतरी असते.

मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन गाइडना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना आजच सांग," त्या म्हणाल्या. "जे दिसलं तेवढंच. रोगाचं नाव घ्यायचं नाही. न्यूरोलॉजिस्टकडे लगेच जा म्हणायचं."

"मॅडम, ते स्कूटर चालवतात. मागे काकू बसतात. काकूंना सांगू का?"

"नाही. रिझल्ट त्यांचा आहे. त्यांच्या परवानगीशिवाय घरी कोणालाही नाही."

"आणि ते गेलेच नाहीत तर?"

"तर परत सांगायचं. गाडी चालवू नका हेही सांग. मृणाल, तू त्या प्रकारची डॉक्टर होणार नाहीयेस, हे लक्षात ठेवून बोल."

मी आत जाऊन सांगितलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे माझ्या डोक्यात बिघाड आहे?"

"तसं मी म्हणत नाहीये काका. डॉक्टरांनी बघावं, एवढंच. आणि तोवर स्कूटर नको."

"अगं, चाळीसेक वर्षं गाडी चालवतोय मी. तुझं मशीन कॅलिब्रेट केलंयस का?"

"मी स्वतः टेस्ट दिली काका. मला दिसले सगळे."

"मग तुला दिसले. छान झालं." ते उठले. उठताना डाव्या बाजूच्या खुर्चीला धडकले आणि खुर्ची मध्येच ठेवल्याबद्दल पुटपुटले.

खिडकीतून मी बघत होते. काकू भाजीची पिशवी घेऊन गेटवर उभ्या होत्या. काकांनी स्कूटरला किक मारली, काकू मागे बसल्या. खाली धावत जाऊन त्यांना थांबवावंसं वाटलं. जिन्यापर्यंत गेलेही. पण काकूंसमोर बोलायची मला परवानगी नव्हती. मी परत वर आले.

रात्री काकांना मेसेज केला. दुसऱ्या दिवशी फोन केला. उचलला नाही. संघातून निरोप आला की खोलीत रंगकाम निघालंय, सध्या येऊ नका. टेस्टला यायचं ठरलेल्या दोघातिघांनीही नाही म्हणून कळवलं. मॅडम म्हणाल्या, "सेमिनार पुढे ढकलू. तू फोन करत राहा." मी केले.

त्या आठवड्याच्या शेवटी काकांचाच फोन आला.

"मशीन घेऊन ये. परत टेस्ट द्यायची आहे मला."

"काका, आधी डॉक्टर..."

"आधी टेस्ट. एक मीटर चुकतोय असं वाटलं तर शेजारी दुसरा लावून बघायचा. आम्ही तसंच करायचो."

मी गेले. रंगकाम कुठेच दिसत नव्हतं. काका काकूंना घेऊन आले होते.

"ही माझा दुसरा मीटर. हिला शेजारी बसव. मी चुकतो का, ती सांगेल."

"काका, मग रिझल्ट त्यांनाही कळेल. चालेल ना?"

"म्हणून तर आणलंय."

टेस्ट सुरू केली. काकूंना काहीच माहीत नव्हतं. पहिला ठिपका उजवीकडे आला, काकांनी दाबलं. पुढचा डावीकडे आला.

"अहो, दाबा ना," काकू म्हणाल्या.

"काय दाबू?"

"आला ना तो! डावीकडे."

"कुठे?"

"अहो, हा काय!" त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. काकांनी फुलीवरची नजर हलवली, मान वळवली आणि तेव्हा कुठे त्यांना बोट दिसलं. ठिपका तोवर गेलेला.

असं आणखी थोडा वेळ चाललं. काकूंचा आवाज प्रत्येक वेळी लहान होत गेला. काकांनी बटणावरचा हात काढून घेतला.

"परवा जेवताना माझा धक्का लागून पोळ्यांचा डबा पडला, तो डावीकडेच होता," ते म्हणाले. "मध्येच ठेवला म्हणून मी हिच्यावर ओरडलो."

काकूंनी त्यांच्या खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आम्ही खाली येऊन डॉक्टरांकडे जायला रिक्षा केली.

एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे, लहानसा स्ट्रोक येऊन गेल्याचं दिसलं. तो कधी आला ते काकांना कळलंच नव्हतं. डॉक्टरांनी कारण शोधलं तेव्हा हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत असं निघालं. अशा ठोक्यांमुळे रक्ताची गुठळी होऊन पुन्हा, मोठा स्ट्रोक येऊ शकतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. गेलेली बाजू परत आली नाही. मान वळवून डावीकडे बघायची सवय ते लावून घेताहेत. स्कूटर पुतण्याला दिली. त्याबद्दल ते माझ्यावर थोडे नाराज आहेत, तसं स्पष्ट सांगतातही. खोली मात्र परत मिळाली आणि माणसंही येऊ लागली. सेमिनार एक टर्म उशिरा झाला.

निरोगी गटात काकांना ठेवता येईना. थिसिसमध्ये त्यांच्याबद्दल एक ओळ आहे, की एका सहभागी व्यक्तीला वैद्यकीय कारणावरून वगळलं.

मी यातून एक गोष्ट शिकले. मेंदूला जे दिसत नाही, तिथे तो काळा डाग दाखवत नाही. तिथे काही आहे हेच तो सांगत नाही. त्यामुळे कोणी "मला सगळं नीट दिसतं" म्हणालं, की मी ते लिहून घेते आणि तरीही टेस्ट लावते.