दस्तगीरभाईंची फुलपाखरं

तालमीत लोक कुस्ती खेळायला जातात. आमचे दस्तगीरभाई माती मागायला जात. मंगळवार पेठेतल्या तालमीतला कुस्तीचा हौदा उकरला, की ताक, तेल आणि पैलवानांचा घाम मुरलेली जुनी लाल माती ते पोत्यात भरून आणत. वस्ताद चेष्टा करत, "भाई, या वयात घरात आखाडा काढताय काय?" भाई म्हणत, "माझं पैलवान लई नाजूक हायती."

हे पैलवान म्हणजे फुलपाखरं. भाई फोटोग्राफर होते आणि मी त्यांच्या स्टुडिओत काचेच्या निगेटिव्ह प्लेटवर पेन्सिल चालवणारा. गिऱ्हाइकांचे देवीचे व्रण बुजवायचे, सुरकुत्या घालवायच्या, हे माझं काम. महाराजांच्या राज्यात फोटोची हौस नुकती कुठे पेठांत उतरली होती. भाईंचा जीव मात्र पन्हाळ्याच्या उतारावरच्या रानात. तिथं ओढ्याकाठी ती खारट माती ओली करून पसरायची आणि तिवईवरच्या कॅमेऱ्यामागे काळं कापड घेऊन बसून राहायचं. मातीतलं मीठ चोखायला बसलेलं फुलपाखरू जरा स्थिरावतं, तेवढ्यात फोटो घ्यायचा. एकदा मी म्हटलं, मारून टाचणीला लावा की, दिवस वाचेल. "मेल्यालं काय, कोण बी काढंल," ते म्हणाले. "त्येला बसा म्हणायला लागत न्हाय."

पुढे दरबारच्या पाहुण्यांसाठी बारा फुलपाखरांचा अल्बम करायचं काम त्यांना मिळालं. पसंत पडला तर कायमचं दरबारी काम मिळणार होतं. भाईंनी कारभाऱ्यांना शब्द दिला, "ह्यात एक बी मेल्यालं असणार न्हाय." प्लेटा माझ्या हवाली करून ते हुपरीला लेकीकडे गेले. मी जीव ओतला. पेन्सिलीनं थरथरलेल्या मिशा सरळ केल्या, फाटके पंख सांधले, हललेल्या कडा रेखल्या. आपण भाईंवर उपकारच करतोय असं मला वाटत होतं. मी छापून ठेवलेला अल्बम त्यांनी थेट दरबारात जायच्या सकाळीच पाहिला. "लई साफ केलंस की," एवढंच म्हणाले.

गोऱ्या पाहुण्यानं पानं उलटली आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. कारभारी म्हणाले, "साहेब म्हणतात, ही मेलेली आहेत. जिवंत फुलपाखरू इतकं रेखीव दिसत नाही. तुम्ही खोटं बोललात." भाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. "काम नीट झालं न्हाय, सरकार. चूक माझी हाय," ते म्हणाले आणि अल्बम उचलला.

वाटेत मी रडकुंडीला येऊन विचारलं, "भाई, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ह्या गावात तुला कुणी काम दिलं असतं? पोरंबाळं हायती तुला." थोडं चालल्यावर म्हणाले, "पाखरं जित्ती हुती, हे पाखरास्नी ठावं हाय. बास की."

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांना जाऊन खरं सांगायचं मी ठरवलं. गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं, तेही राहिलं. भाई रानात जातच राहिले. फक्त फुलपाखरांच्या प्लेटा त्यांनी मला पुन्हा कधी दिल्या नाहीत. त्याचा राग मला कधी आला नाही, लाज मात्र रोज वाटली. काही वर्षांनी तापाच्या साथीत ते गेले.

पेठेत अजून कुणीतरी म्हणतंच, भाई मेलेली फुलपाखरं मांडून फोटो काढायचे. मी ऐकून गप्प बसत आलो. आता माझंही वय झालं, म्हणून लिहून ठेवतो. बाराही फुलपाखरं जिवंत होती. पेन्सिल माझी होती.