औंदा तिला बघत्याल

आता आमच्या निरवांगीच्या कलामहोत्सवात निम्म्या कलाकार बायकाच असतात. पूर्वी मात्र पडदा ओढणाऱ्यापासून नटांपर्यंत सगळे गावातले पुरुषच. नाटकातल्या बाईचं काम आमच्या शेजारचे, पिठाची गिरणी चालवणारे आबा करायचे. माणूस अबोल. काही विचारलं, तर आधी हाताचं पीठ झटकणार आणि मग नुसतं "व्हय" म्हणणार. पण लुगडं नेसून रंगमंचावर आले, की परगावच्या म्हाताऱ्या विचारायच्या, "कुणाची लेक गं ही?"

एका वर्षी गावातल्या एका सुनेनं ते काम मागितलं. सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. मी चाचरत म्हणालो, "आबा, लोक तुमालाच बघाय येत्यात."

"मग औंदा तिला बघत्याल," आबा म्हणाले. त्यांनी आपलं लुगडं तिला दिलं आणि महिनाभर गिरणी लवकर बंद करून तिची तालीम घेतली.

प्रयोगाला ते पहिल्यांदाच समोर सतरंजीवर बसले. शेवटच्या प्रवेशात नवरा गेल्याचं कळताच ती घोगऱ्या आवाजात, ऊर फुटल्यासारखी रडली. सगळं पटांगण चिडीचूप झालं.

पडदा पडला, लोक निघाले, तरी आबा उठेनात. मी जवळ जाऊन विचारलं, "वाईट वाटलं का, आबा?"

"न्हाय रं," डोळे पुसत ते म्हणाले. "मी आपला बारीक आवाज काढून रडायचो. इतकी वर्सं चुकीचंच रडलो की!"