लय कमी करा

दिवाळीच्या गर्दीत रुमाल टाकून जागा धरण्यावर माझा विश्वास नाही. म्हणून सातारा स्टँडवर मी धक्काबुक्की करत गाडीत घुसलो, दोघांच्या सीटवर माझी पेटीच ठेवली आणि बायकोला, सुमनला, बोलवायला खाली उतरलो. ती बॅगांपाशी शांत उभी होती. म्हणाली, "ती गाडी आटपाडीची आहे." तोवर घंटी झाली होती. मी पत्रा बडवत गाडीमागे धावलो. कंडक्टरने दार उघडून पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आवं, वाजवणाऱ्याबिगर ही आटपाडीत जाऊन काय करंल?"

सांगलीच्या गाडीत मी पेटी मांडीवरच घेतली. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, "ह्यात काय हाय?"

"पेटी."

"पेटी दिसतीया की. आत काय हाय?"

"आतही पेटीच आहे."

कराडपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

खरं तर मीही कुणाशी धड बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. सुमनच्या भावाला, म्हणजे आमच्या दादाला, आदल्या वर्षी छातीत पाणी झालं होतं. तो बरा झाला, डॉक्टरांनी बासरी वाजवायला परवानगीही दिली, पण त्याने बासरी हातात धरली नाही. दम पुरायचा नाही, ही भीती. सुमनने मग परस्पर ठरवून टाकलं, की पाडव्याला सांगलीत मी आणि दादाने जोडीने वाजवायचं. नवऱ्याला बरोबर घेतलं की दादाला नाही म्हणता येणार नाही, हा तिचा हिशेब. माझ्या वाजवण्याबद्दल तिचं मत काय आहे, हे मी या निमित्ताने विचारलं नाही.

धून दादानेच बसवली आणि कागदावर लिहून पोस्टाने पाठवली. पुढे त्याच्या शेजारच्या अण्णांचा फोन आला. अण्णा हळदीचे अडते, त्यामुळे बोलणं भाव सांगितल्यासारखं. "दादा म्हणत्यात, लय कमी करा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आमच्या भागात लय म्हणजे फार. दादाला धून फार लांब वाटली असणार, असं समजून मी दोन अंतरे कापले, लांब ताना छाटल्या आणि उरलेली धून घरी रोज वाजवत बसलो. वाजवणं माझ्या स्वभावासारखंच, कुठेतरी पोचायची घाई असल्यासारखं.

कराडला गाडी थांबली तेव्हा मी चहा प्यायला उतरलो, चहा अर्धा टाकून परत आलो. पुढे दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्यामागे गाडी रांगू लागली की मी पेटीच्या झाकणावर बोटं चालवायचो. सुमन खिडकीबाहेर बघत होती.

सांगलीत उतरून रिक्षा केली. पेठेत हळदीचा वास नाकात बसला. दादा दारातच उभा होता, शर्ट अंगावर ढगळ झालेला. चहा-चिवडा होताच आम्ही सतरंजीवर बसलो. त्याने बासरी ओठांना लावली, मी भाता मारला, आणि पहिल्याच ओळीत तो पायी निघाला होता नि मी एसटीने. सूर लांबवता लांबवता त्याचा श्वास तुटला. त्याने बासरी खाली ठेवली.

"दाजी, राहू द्या. उद्या तुम्ही एकटेच वाजवा."

सुमन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी घाबरून म्हणालो, "अरे, पण तू सांगितलंस तसं सगळं कमी केलंय. दोन अंतरे काढले."

"अंतरे कशाला काढले? मी लय कमी करा म्हणालो होतो. सावकाश वाजवा, म्हणजे मला धाप लागणार नाही."

दारातून अण्णांचा आवाज आला, "व्हय, त्येच सांगितलं की मी."

दादा हसायला लागला, हसताना खोकला, आणि सुमन पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन तो म्हणाला, "ऐकवा तरी तुमचं कापलेलं." मी वाजवलं. ओळी आखूड, भरभर संपणाऱ्या, मधे मधे पेटी एकटीच. सावकाश वाजवलं की सूर जास्त वेळ धरावा लागतो, हे भीतीपोटी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला त्याने बासरी उचलली. माझी पेटी एकटी चालायची तेवढ्यात तो श्वास भरून घ्यायचा. जेवायची हाक आली तरी तो उठेना. "पुन्हा घ्या, दाजी," एवढंच म्हणायचा.

पाडव्याच्या सकाळी घरची मंडळी आणि शेजारी जमले. मी नेहमीप्रमाणे शेवटाकडे पळालो. एका जागी बासरी आलीच नाही. मी पट्ट्यांवरून बोटं उचलली. मग दादाने खांदे वर करून श्वास घेतला आणि उरलेली ओळ एकट्याने, सावकाश, शेवटपर्यंत नेली. अण्णांनी मान डोलावली.

परतीच्या गाडीत सुमनच्या मांडीवर तिखट चुरमुऱ्यांच्या भडंगाची पुडी होती. एवढ्या धावपळीत मी सांगलीत कृष्णेचा घाटसुद्धा पाहिला नव्हता. पाहिली ती एक सतरंजी, आणि ती पुरेशी वाटत होती. गाडी पुलावर आली तेव्हा मला राहवलं नाही. कसं झालं माझं, असं विचारलं.

तिने पुडीची दोरी सोडली, मूठभर भडंग माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "तुमचं मला नाही सांगता यायचं. मी सगळा वेळ दादाच्या छातीकडे बघत होते."